अस्वलाला माझ्या नावानं बक्षीस

बंडू,

सगळं आटोपलं. तुझं पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी गेले, पाहुणे गेले. मंडपवाल्यानं खुर्च्या कमी भरल्या म्हणून तुझ्या शालूशी वाद घातला आणि हरवलेल्या खुर्च्या शेवटी त्याच्याच गाडीत सापडल्या. स्वयंपाकाची मोठी भांडी मी समाजमंदिरात परत पोचवली. शेताचा फेरफार, बँकेचं खातं, गॅसचं पुस्तक, कशाला कोणते कागद लागतात ते लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. शालूला वाचून दाखवलंय. दोनदा दाखवलंय, कारण पहिल्यांदा ती ऐकत नव्हती.

एकच काम राहिलं होतं आणि ते तुझं होतं. आमू पाचवीला कुठे जाणार?

तुला हे सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तू एकदाही नीट ऐकून घेतलं नाहीस. तुमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. आमूची चौथी झाली. आता एक तर रोज एसटीनं पोंभुर्ण्याला जा-ये, नाहीतर भद्रावतीला माझ्याकडे राहून शिकायचं. आमचं घर रिकामं आहे, मुलगा नोकरीला बाहेरगावी, शाळा आमच्या वसाहतीच्या फाटकाशी. थोरली बहीण म्हणून मी तुला थंडीत विचारलं. तू म्हणालास, 'सांगतो बाई.' पोरीच्या बापानं हो किंवा नाही एवढंच म्हणायचं होतं. तेवढं न म्हणताच तू निघून गेलास. कोणाला काही सांगायची पद्धतच नव्हती तुझ्यात. गाडी चुकली तरी सांगायचं नाही, छातीत दुखतंय तरी सांगायचं नाही.

लोक गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलतात. त्या दिवशी जे जे उठून उभे राहिले ते सगळे गोडच बोलले. हसतमुख, दिलदार, हाकेला धावणारा. मी मागे बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांच्यापैकी कोणाला तुझी बसस्टँडवर वाट बघावी लागलेली दिसत नाही. मला लागली आहे, तू शाळेत होतास तेव्हापासून. मलाही बोलायला सांगितलं, तेव्हा मी 'जमणार नाही' म्हटलं आणि पाण्याचे ग्लास भरायला उठले. माझ्याकडे होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

चंद्रपूरच्या त्या कार्टूनच्या प्रदर्शनाचा दिवस आठव. तिथे मला तुझं उत्तर मिळायला हवं होतं.

मैदानावर पांढरा भलामोठा तंबू, आत गार हवा, आणि गोबू नावाच्या निळ्या अस्वलाची सगळी दुनिया. नुसतं बघत फिरायचं नाही. भिंतीला हात लावला की झाडावरून माकडं उतरतात, जमिनीवर उडी मारली की पायाखाली दिवे लागतात, आपण रंगवलेलं चित्र पडद्यावर चालायला लागतं. वसतिगृहातल्या माझ्या मुलींना मी आधी तिथे नेऊन आणलं होतं. तेव्हाच ठरवलं की आमूला हे दाखवायचं, आणि तुला समोर बसवून हो-नाही वदवून घ्यायचं. एका फेरीत दोन कामं. अधीक्षिकेच्या नोकरीत अंगाला लागलेली सवय आहे ती, तिला तू 'हेडबाईपणा' म्हणायचास.

मी सकाळची वेळ ठरवून तिकिटं काढली. तुला आदल्या दिवशी फोन केला, सकाळी केला, तुमची एसटी कुठवर आली म्हणून पुन्हा केला. फोन बंद. तुम्ही तिघं उतरलात तेव्हा आपली वेळ टळून गेली होती. तुझ्या खांद्यावर पोत्याची चुंगडी.

"फोन का बंद?"

"बंद नाई बाई. चार्जिंग कमी होती तं मीच बंद करून ठेवला. वाचवून राह्यलो होतो."

"कशासाठी?"

"तुह्यासाठी. तू फोन करशीन म्हनून."

मी चुंगडीकडे बोट दाखवलं.

"नवा तांदूळ," तू म्हणालास. "तुह्या घरी."

"आपण माझ्या घरी चाललो नाही. प्रदर्शनाला चाललोय."

"तं प्रदर्शनाहून घरी जाशीनच ना तू? का तिथीच राहाची आहेस?"

शालू पदराआड हसली. आमू उघड हसली. पोरीला तेव्हाच चिमटा काढायला हवा होता.

फाटकावरच्या माणसाला मी अर्धा तास विनवत होते की पाहुणे लांबून यायचेत, आमची वेळ पुढची करून द्या. तो नियम सांगत होता आणि नियम त्याचा बरोबरच होता. तू चुंगडी खाली टेकवलीस आणि त्याला म्हणालास, "भाऊ, गाव कोनतं तुमचं?" तो निघाला मूल गावाकडचा. तुमच्या गावचं नाटक त्यानं शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या वेळी पाहिलेलं. मग राजा कोण झाला होता, राणीचा आवाज कसा बसला होता, मध्येच लाईट गेली तेव्हा तू बिनमाईकचा खेळ कसा गाजवलास, सगळं निघालं. दोन मिनिटांत चुंगडी त्याच्या खुर्चीवर बसली, तो स्वतः बाजूला उभा राहिला आणि आपण आत. माझ्या हातातली तिकिटं त्यानं बघितलीसुद्धा नाहीत.

आत मोजे घातल्याशिवाय सोडत नव्हते. ते मला माहीत होतं, मी सगळ्यांचे मोजे पिशवीत आणले होते. तुझ्या मापाचे मात्र वसतिगृहाला भेट आलेल्या गठ्ठ्यातलेच होते, गुलाबी, वर फुलं. मला वाटलं, कुरकुरशील. तू ते घालून इतका खूश झालास की जाताना काढलेच नाहीस. चपलेत गुलाबी मोजे घालून एसटीत चढलास.

शालू दारातच अडली. समोर अस्वलाचा वेश घातलेला माणूस पोरांना मिठ्या मारत होता.

"मी नाई जात त्याच्याजवळ."

"अगं, आत माणूस आहे."

"माहीत आहे मले. पर अस्वल तं अस्वलच." तिच्या मामाला मोहाची फुलं वेचताना अस्वलानं फोडलं होतं, हे मी विसरले होते. तू विसरला नव्हतास. तू तिच्या आणि त्या निळ्या अस्वलाच्या मध्ये चालत राहिलास, सगळा वेळ. तोंडानं मात्र बडबड चालूच. "वाघ परवडला बाप्पा. वाघ आपल्या रस्त्यानं जाते. हे जनावर बिनकामाचं भांडते. आमच्या बाईसारखं."

रंगवायच्या टेबलाशी तू अस्वल काळंकुळकुळीत केलंस. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, गोबू निळा असतो."

"अस्वल निळं पडलं म्हंजे मेलं असन, बेटा."

आमूनं तिच्या अस्वलाला लुगडं नेसवलं, हातात कोयता दिला. ते पडद्यावर चालू लागलं तशी शालू इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. मी त्या क्षणी घड्याळ बघत होते. पुढच्या जागी गर्दी व्हायच्या आत पोचायचं होतं.

पुढची जागा म्हणजे आवाजाची खोली. काचेच्या छोट्या खोलीत पोरानं माईकसमोर उभं राहायचं. ते जे बोलेल त्यावर बाहेरच्या मोठ्या पडद्यावरच्या गोबूचं तोंड हलतं, आणि पडद्याखाली तो वेशातला माणूस त्याच बोलण्यावर हातवारे करतो. काय बोलायचं ते समोर लिहून येतं. मी आमूला बजावलं, "सावकाश वाच. शब्द तोडू नकोस. वर बघून बोल."

तिनं सुरुवात झकास केली. "नमस्कार बालमित्रांनो! माझ्या जंगलात तुमचं स्वागत आहे." माझी मान ताठ झाली. वाटलं, ही पोरगी माझ्याकडे आली तर कुठल्या कुठे जाईल. आणि तेवढ्यात ती थांबली. काचेतून आपल्याकडे बघितलं आणि सुटली.

"काऊन आले बाप्पा एवढे पोट्टे? माया घरात बसाले जागा नाई! अन् थे जाड्या चष्म्याची बाई पाहा, थे तं आतही रांग लावून राह्यली! बाई, मी अस्वल आहो, मले तरी रांगेत उभं करू नको ना!"

सगळा तंबू हसला. चष्मा कोणाचा जाड आहे ते लोकांनी वळून बघितलं. वेशातला माणूस पक्का होता, त्यानं कमरेवर हात ठेवून माझी चाल करून दाखवली. वसतिगृहातल्या एका मुलीचे आईवडील नेमके मागे उभे होते. ते हसू दाबत मला नमस्कार करत होते.

आणि तू खिशात हात घातलास.

दुसऱ्या कोणाच्या डोक्यात हे आलंच नसतं. तुमच्या गावात नाटकातला नट आवडला की माणूस नोट घेऊन रंगमंचापाशी येतो आणि त्याचं नाव-गाव माईकवरून पुकारलं जातं. ते पुकारायचं काम तुझं. वर्षानुवर्षं तुझंच. सगळ्या पंचक्रोशीची नावं तुला पाठ, कोणाच्या नावाआधी काय लावायचं, कोण कोणाच्या आधी पुकारलं तर रुसतं, सगळं तोंडपाठ. शाळेत तुला बाराखडी पाठ होत नव्हती.

माईक धरून उभ्या असलेल्या टोपीवाल्या मुलीपुढे तू दहाची नोट धरलीस.

"काका, इथलं वेगळं तिकीट नाहीये."

"तिकीट नाई बेटा. बक्षीस. पुकारा."

"कोणाला?"

"अस्वलाले."

तिनं अस्वलाकडे वळून बघितलं. तू म्हणालास, "राहू दे, तुले जमत नाई," आणि तिच्या हातातून माईक अगदी हळू, आदरानं काढून घेतलास. मी "बंडू!" म्हणून ओरडले. ते माईकवरून सगळ्यांना ऐकू गेलं.

"रसिक मायबापहो! इकडे ध्यान द्या! मुक्काम भद्रावती, मुलींच्या वसतिगृहाच्या मोठ्या मॅडम, आदरणीय कुंदाबाई यांच्याकडून, गोबू अस्वल यांच्या बहारदार भूमिकेवर खूश होऊन, रुपये दहा सप्रेम भेट! वाजवा टाळ्या!"

माझं नाव. तुझी नोट आणि माझं नाव. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. जमिनीत फक्त दिवे लागले.

शालू कानाशी पुटपुटली, "बाई, रागावू नका. आपल्या लेकराले आपल्या नावानं बक्षीस देत नाई ते. नजर लागते म्हंते."

मग टाचणी. नोट हातात देणं तुला पटेना, नटाच्या छातीला लावायची असते. शालूच्या बांगडीतली सेफ्टीपिन तू ओढून घेतलीस आणि त्या निळ्या केसाळ पोटात खुपसलीस.

"ओ भाऊ, टोचलं ना!" अस्वल बोललं.

एक छोटी मुलगी किंचाळली, "आई, गोबू खरंच बोलला!" आणि भोकाड पसरून तिनं तंबू डोक्यावर घेतला. तिच्या आवाजानं बाजूची दोघं रडू लागली. तोवर मागून एक पागोटंवाले म्हातारे नोट घेऊन पुढे आले, कोरपन्याकडची एक बाई नातवाच्या नावानं पाचाचं नाणं घेऊन आली, "हे कसं लावाचं? नाणं तं टोचत नाई," म्हणून तुलाच विचारायला लागली. रांग मोडली. मी आयुष्यात इतकी वाईट मोडलेली रांग पाहिलेली नाही. आणि त्या टोपीवाल्या मुलीनं, बघ कशी, तुझ्या हातून माईक घेतला आणि स्वतःच पुकारायला सुरुवात केली. "मुक्काम... मुक्काम कुठला आजोबा?"

टाय घातलेला व्यवस्थापक धावत आला. "ये क्या चल रहा है?"

"कार्यक्रम चल रहा है, साहब," तू म्हणालास.

आपली पुढची सगळी ठिकाणं राहिली. माकडांची भिंत राहिली, उड्यांची जमीन धड झाली नाही. आपल्याला फार नम्रपणे बाहेरचं दार दाखवण्यात आलं. मी वसाहतीत इतकी वर्षं राहते, मला कुठल्याच ठिकाणाहून असं दार दाखवलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती त्या दिवशी रागात राहिली. रोज सकाळी मी माईकवर नावं पुकारते, हजेरीची. माझं नाव कोणी कधी पुकारलं नव्हतं. तू ते 'आदरणीय' लावून पुकारलंस तेव्हा त्या पागोटंवाल्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले होते. मी मान फिरवली, कारण माझा चेहरा मला आवरत नव्हता. तुला वाटलं असेल, चिडले. चिडलेही होतेच.

मैदानाच्या भिंतीलगत सावली होती, तिथे आपण डबा सोडला. तांदळाच्या भाकरी, अंबाडीची चटणी. फाटकावरचा तो मूलकडचा माणूसही आला चुंगडी घेऊन, दोन भाकरी खाऊन गेला. तो गेल्यावर मी विचारलं.

"आमू जूनपासून माझ्याकडे. हो की नाही?"

"बाई, जेवू तं दे."

"जेव आणि सांग."

"पोंभुर्ण्याची शाळा का वाईट आहे?"

"शाळा वाईट नाही, जाणं-येणं वाईट आहे. नाल्याला पूर आला की गाडी बंद. आणि सीझनमध्ये तू तिला नाटकात उभी करतोस, दुसऱ्या दिवशी ती वर्गात पेंगते. तिच्या बाईंनी मला सांगितलंय."

"पेंगते तं पेंगते. पाठ तं सगळं आहे तिले."

"नाटक पाठ आहे."

"तेई पाठच झालं ना?"

"बंडू, मी मस्करी करत नाहीये. ती हुशार आहे. तिथे राहिली तर बारावीनंतर लग्नाच्या गोष्टी निघतील."

तू भाकरीचा तुकडा मोडून हातात धरून ठेवलास. मग विचारलंस.

"तुह्याकडे आली तं ते बोलन कशी?"

"म्हणजे?"

"आज बोलली तशी बोलन का? का थे लिवलेलं बोलन, बालमित्रांनो?"

"दोन्ही बोलेल. का नाही बोलणार?"

"दोन्ही बोलनारे मी पाह्यले. दोन वर्षांनं एकच बोलतेत. तू गावले येते तं माय म्हनाची, कोनाची साहेबीन आली बाप्पा, हिले चहा कपात द्या."

"मी काय बोलते ते वाईट आहे का?"

"वाईट नाई. लय मस्त बोलते तू. मी तं ऐकतच राहतो." आणि मग, भाकरीकडे बघत, "पर आपली माय गेली तवा तू रडली थे आमच्या बोलीत रडली. म्हनून इचारून राह्यलो. पोरीले कोन्या बोलीत रडाचं थे तं ठाऊक पाह्यजे ना."

"बसा ना चूप दोघंबी," शालू म्हणाली. "पोट्टी ऐकून राह्यली."

आमू ऐकत होती. ती कधी ऐकत नसते?

"सीझन सरू दे," तू म्हणालास. "सांगतो."

सीझन सरला. मी दर रविवारी फोन केला, कधी लागला, बहुतेक वेळा चार्जिंग 'वाचवून' ठेवलेली होती. धान विकू दे, म्हणालास. मग मोह पडू दे, म्हणालास. पुढच्या रविवारी फोन शालूनं उचलला. त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही.

पाहुणे पांगल्यावर मी शालूला विचारलं, "त्यानं तुला काही सांगितलं होतं? आमूचं?"

"नाई बाई. मी इचारलं तं म्हने, बाईलेच सांगतो, डायरेक." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमी न्या तिले. मी काऊन अडवू? माया हातून का होते आता."

बस. एवढंच. तुझ्या एकेका आक्षेपाला मी उत्तरं तयार ठेवली होती. नाल्याच्या पुराचं होतं, नाटकाचं होतं, बोलीचंसुद्धा होतं. सुट्टीत गावाला पाठवीन, तुझ्या नाटकाला मी स्वतः घेऊन येईन, पुढच्या रांगेत बसेन, हेही कबूल करणार होते. तू विचार करायला वेळ घेतलास तसा मीही घेतला होता. पण ज्याच्याशी भांडायचं तोच नाही. जोर लावून दार ढकलायला जावं आणि ते आधीच उघडं असावं, तशी मी तोंडघशी पडले. पोरगी माझ्याकडे येणार होती आणि मला बसून शालूच्या हंड्यातलं पाणी पीत राहावंसं वाटत होतं, बाकी काही नाही.

तरी मी कामाला लागले. शाळेतून आमूचा दाखला काढून आणला. तिचे कपडे वेगळे केले, आखूड झालेले बाजूला काढले. पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं.

सकाळी मी आंघोळ करून आले तर चुलीपाशी आवाज. आमू आईसमोर बसून बोलत होती. थांबतच नव्हती. आधी कंडक्टर झाली, "पुढं सरका, पुढं सरका, मांगं का तुमचं सासर आहे?" मग मंडपवाला झाली, खुर्च्या शोधणारा. मग ती उठून उभी राहिली, चष्मा वर सरकवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "शालू, कपाटाच्या दाराला आतून. आतून म्हणजे आतून. बाहेरून नाही. वाचून दाखव बघू."

हुबेहूब. माझाच आवाज, माझेच स्वच्छ शब्द, एकही तुटलेला नाही. म्हणजे दोन्ही बोलते ती, बंडू. आत्ताच बोलते.

आणि शालू हसली. तू गेल्यापासून कामापुरत्या चार शब्दांखेरीज मी तिच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं. ती हसली, मग ठसका लागला, मग आमूला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसली, चुलीवरचं उतू गेलं तरी.

नंतर अंगणात मी आमूला विचारलं. बाकी सगळ्यांना विचारून झालं होतं. "तुला यायचंय का गं माझ्याकडे?"

"येतो ना आत्या. मले तुह्या घरचा पंखा लय आवडते."

"मग कपडे घाल."

ती हलली नाही. "पर मी गेली तं मायसंग कोन बोलन? बाबा बोलत राहाचे तं घर भरल्यासारखं वाटे. आता माय कोंबड्यासंग बोलते." तिनं अंगणातल्या कोंबडीकडे फार तुच्छतेनं बघितलं. "कोंबड्या का जवाब देतेत?"

मी दुपारच्या गाडीत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमूला घेऊन पोंभुर्ण्याला गेले आणि पाचवीत तिचं नाव घातलं. एसटीचा पास शाळा सुरू झाली की मिळेल, त्याचे फोटो काढून ठेवलेत. पुरात गाडी बंद झाली तर राहायला शाळेजवळ शालूची मावसबहीण आहे, तिच्याशी बोलून आले. महिन्यातून एकदा शनिवारी दोघींनी माझ्याकडे यायचं, गणित मी घेणार. सीझनमध्ये नाटक फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी. शालूनं सगळ्याला मान हलवली. आमूनं शेवटच्याला हलवली नाही, पण मी ते बघितलं आहे, एवढं तिला कळलंय.

याचा अर्थ तू जिंकलास असा लावू नकोस. हे एका वर्षापुरतं आहे, शालूसाठी आहे, तुझ्या म्हणण्यासाठी नाही. तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आत्ताही पटत नाही. वाद अर्धा टाकून उठून जाणाऱ्याला आमच्याकडे हरलेला धरतात.

सहावीच्या वेळी मी हा विषय पुन्हा काढणार आहे. शालू तेव्हाही हो म्हणेल. आमू काय म्हणेल सांगता येत नाही, आणि ते कुठल्या बोलीत म्हणेल तेही नाही. माझं म्हणणं खरं निघालं तर 'बघ, मी सांगत होते' कोणाला म्हणू? तुझं खरं निघालं तर माझ्यासमोर बसून दात काढायला तू पाहिजेस. दोन्हीकडून मी एकटीच ऐकायला उरले आहे. बंडू, हे मला अजिबात मंजूर नाही.

– बाई